असहायाची श्रद्धा

तुरुंगांत जाऊन कैद्यांस व दारूच्या आहारीं गेलेल्यांस ईश्वराचा मार्ग दाखविणाऱ्या पाद्र्याविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. ज्याला उठून जातां येत नाहीं त्याला उपदेश करणें हा कसला धर्म? नाकातोंडांत पाणी गेलेला मनुष्य मिळेल तो दोर धरतो. दोराची जात तो विचारीत नाहीं. आक्षेप हलका नाहीं. संकटांत दिलेल्या संमतीकडे कायदाहि संशयानेंच पाहतो.

याचा विचार करावयास आम्हां नासिककरांस दूर जावें लागत नाहीं. शरणपूर रस्त्यानें रोज असंख्य लोक जातात. त्या नांवांतील ‘शरण’ शब्दाकडे कितीकांचें लक्ष जातें कोण जाणे! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड प्राइस यांनीं ही वसाहत उभारली. गुलामांच्या गलबतांतून इंग्रज आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकी मुलें येथें आणलीं गेलीं. निवारा, कसब, अक्षरओळख, नवा धर्म, सर्व एकाच हातानें मिळालें. ‘नको’ म्हणण्याची मोकळीक त्या पोरांना कितपत असेल? आम्हांस तर ती नव्हतीच असें वाटतें.

पुढची हकीकत मात्र विचार करावयास लावणारी आहे. यांतलाच जेकब वेनराइट कांहीं सोबत्यांसह १८७२ मध्यें लिव्हिंग्स्टनच्या मदतीस आफ्रिकेंत गेला. १८७३ च्या मे महिन्यांत लिव्हिंग्स्टन तेथें वारला. सोबत्यांनीं त्याचें हृदय झाडाखालीं पुरलें, वेनराइटनें प्रार्थना वाचली, आणि चुमा व सुसी यांच्या पुढारीपणाखालीं हजारांहून अधिक मैल ते प्रेत घेऊन समुद्राकडे चालले. पाहणारा एकहि गोरा धनी जवळ नव्हता. वाटेंत भेटलेल्या कॅमेरॉन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें प्रेत तेथेंच पुरावें असें सुचविलें. त्यांनीं तें मानलें नाहीं. ज्यांना एकदां नकार देण्याची सोय नव्हती, त्यांना आतां नकार देतां आला. ही श्रद्धा होती कीं केवळ स्वामिनिष्ठा, याची फारकत आम्हांस करतां येत नाहीं. पण जें होतें तें त्यांचें स्वतःचें होतें.

देणाऱ्याचा दोष मात्र यानें धुऊन जात नाहीं. १९३५ मध्यें अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं, दारूंतून नुकताच सावरलेला एक शेअरदलाल हॉटेलांत पुन्हा मोहांत पडूं लागला, तेव्हां त्यानें एका पाद्र्यास टेलिफोन केला. त्याला उपदेश नको होता. ज्याच्याशीं बोलतां येईल असा एखादा दारुडा हवा होता. त्या शोधांत एका मद्यपी डॉक्टरची गांठ पडली, आणि त्या भेटींतून ‘आल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही संघटना निघाली. तत्पूर्वीं कित्येक महिने त्यानें दारुड्यांस केलेला उपदेश फुकट गेला होता. या वेळीं ऐकणाऱ्याची गरज बोलणाऱ्यालाच होती! ईश्वराचें स्वरूप ठरविणें त्या संघटनेनें ज्याचें त्याच्यावर सोंपविलें, हेंहि लक्षांत घेण्याजोगें आहे.

नासिकरोडच्या कारागृहांत जाणारा पाद्री असो वा कीर्तनकार, समोर बसलेल्यांपैकीं कांहीं जण तासभर बराकीबाहेर बसावयास मिळतें म्हणूनच आलेले असणार. सुटल्यावर ते प्रार्थनेकडे फिरकले नाहींत, तरी त्यांच्या नोकरीसाठीं शब्द टाकावयास तो जाईल काय, एवढें आम्ही त्यास विचारूं.