बडनेऱ्याची भरभराट कोणाच्या शब्दांत?

विद्यार्थिनी : सर, बडनेऱ्याच्या कापूसबाजारावरचं प्रकरण उसनं वाटू नये म्हणून लायलच्या १८७० च्या वऱ्हाड गॅझेटिअरमधली आणि कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाकच्या अहवालांतली अवतरणं मी काढून टाकली. सगळं माझ्या शब्दांत मांडलं. उचलेगिरीच्या तपासणीतलं साम्यही १० टक्क्यांच्या आत आलं. आता तरी आवाज माझा झाला ना?

मार्गदर्शक : शब्द तुझे झाले, पण बोलतंय कोण ते बघ. ‘रेल्वे आली आणि बडनेऱ्याची भरभराट झाली,’ असं तू लिहिलंस. भरभराट मोजलीस मुंबईकडे गेलेल्या गाठींवरून. ते माप रिव्हेट-कार्नाकचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) तिकडची रुई अडली, इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या कापसावर खिळली, आणि त्याच दशकात वऱ्हाड ओलांडून रेल्वे नागपूरला पोचली. इथला कापूस चांगला निघावा आणि नीट बंदराला जावा, हे पाहणं रिव्हेट-कार्नाकचं काम होतं. त्याचे आकडे मोलाचेच आहेत. पण पेरणीआधी सावकाराकडून उचल घेणारा कास्तकार त्या मापात बसत नाही, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात होरपळला तो हाच कापसाचा मुलूख. अवतरणचिन्हं होती तोवर अधिकारी बोलतोय हे वाचकाला कळत होतं. ती गेली आणि त्याचा निवाडा तुझ्या तोंडी आला.

विद्यार्थिनी : मग ओळीओळीला कोणाचं तरी नाव लावायचं? तशा प्रबंधात मी नुसती हमाल. आणि मत दिलं की परीक्षक विचारतात, आधार काय?

मार्गदर्शक : नाव लावल्यानं आपण पुसले जात नाही. आपल्याच जिल्ह्यात, रिद्धपूरला, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून गोळा केल्या. त्यांच्या लीळाचरित्रात एखाद्या प्रसंगाची वेगळी आठवण येते, तिथे ती कोणाची हेही नोंदलेलं सापडतं.

विद्यार्थिनी : ते भक्त होते. स्वामींपुढे त्यांना स्वतःचं मत मांडायचंच नव्हतं.

मार्गदर्शक : खरं आहे, म्हणूनच तुझं काम त्यांच्या पुढचं आहे. दोन आठवणी शेजारी ठेवून त्यांना थांबता येत होतं. तुला निवड करावी लागेल आणि कारण द्यावं लागेल. गाठींचे आकडे अधिकाऱ्याच्याच नावानं दे, शेजारी दुष्काळाची नोंद ठेव, आणि दोन्ही कागद एकाच मुलखाचे असून इतके वेगळे का, ते लिही. हे उत्तर कोणत्याच अहवालात मिळणार नाही. आधार म्हणून कागद दाखव, पण निष्कर्ष तुझ्या नावावर राहू दे. चुकला तर चूकही तुझीच.

विद्यार्थिनी : पण दुष्काळाची नोंदही सरकारीच ना, सर?

मार्गदर्शक : सरकारीच. तेव्हा ती कोणी लिहिली, कोणाला पाठवायला लिहिली आणि तिच्यात कोण मोजलं गेलं नाही, हे तिलाही विचारावं लागेल.