वेळ मोजून काय कळणार?

आमच्या लंडनमधल्या वेम्बलीला लागूनच हॅरो आहे. तिथं राहणारी मॉली रसेल ही चौदा वर्षांची मुलगी नोव्हेंबर २०१७ मध्ये गेली. तिच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी सप्टेंबर २०२२ मध्ये झाली. शेवटच्या सहा महिन्यांत तिनं इन्स्टाग्रामवर साठवलेल्या, पसंत केलेल्या किंवा पुढे पाठवलेल्या सुमारे १६,३०० गोष्टींपैकी २,१०० गोष्टी नैराश्य, स्वतःला इजा करणं आणि आत्महत्या यांच्याशी निगडित होत्या, असं त्या चौकशीत उघड झालं. पिंटरेस्ट तर नैराश्याविषयीची चित्रं ‘तुम्हाला आवडतील’ म्हणून तिला ईमेलनं पाठवत होतं. नैराश्य आणि ऑनलाइन मजकुराचे दुष्परिणाम सोसत असताना स्वतःला केलेल्या इजेतून हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष चौकशी करणारे कॉरोनर अँड्र्यू वॉकर यांनी नोंदवला.

मॉलीचं घर प्रेमळ होतं. आईवडील लक्ष देणारे, थोरल्या बहिणी सोबतीला. तरीही तिच्या फोनवर काय चाललं आहे याचा पत्ता घरात कुणालाही नव्हता. मला हेच सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. आपल्या घरांतही मुलांच्या फोनवरून वाद होतो तो एकाच गोष्टीवर: किती वेळ झाला, ठेव आता तो. पण वेळ मोजून मनाची अवस्था कळत नाही. ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये ब्रिटन-अमेरिकेतल्या साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता येतो, असं त्यांना आढळलं. हा आकडा वाचून निर्धास्त होणारे आहेत, आणि तो खोटाच असणार म्हणणारेही आहेत. मला दोन्ही पटत नाहीत. सरासरीत चुलतभावाशी बुद्धिबळ खेळणारा मुलगा आणि रात्री पांघरुणात एकटीच दुःखाची चित्रं पाहणारी मुलगी एकाच रकान्यात पडतात. दोघांचेही तीन तास. मॉली त्या सरासरीत दिसणारच नाही.

आपल्या परदेशी मराठी घरांत यात आणखी एक पदर आहे. वेम्बलीत वाढणारी मुलं आईशी मराठीत बोलतात ती डब्याबद्दल, शाळेच्या वेळेबद्दल, आजीला नमस्कार सांगण्याबद्दल. मैत्री तुटली, शरीराची लाज वाटली, शाळेत कुणी एकटं पाडलं, तर ते सगळं इंग्रजीत घडतं आणि इंग्रजीतच फोनमध्ये ओतलं जातं. रोजच्या मराठीत त्यासाठी वाट पाडून ठेवायचं राहून गेलेलं असतं. मग दुखावलेलं मूल घरातल्या माणसांकडे न येता, जिथं लगेच प्रतिसाद मिळतो तिथं जातं. आणि तो प्रतिसाद देणारी यंत्रणा सल्ला देत नाही, पाठीवर हात ठेवत नाही. मूल ज्यावर थांबलं, तेच पुन्हा पुढे करत राहते.

मोठ्यांचंही वेगळं नाही. नवऱ्याच्या नोकरीमागे इथं आलेल्या कितीतरी जणींचा पहिला हिवाळा फोनवरच जातो. डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा महाराष्ट्रात रात्रीचे साडेनऊ वाजायला आलेले असतात. आईशी दिवसभर बोलणं झालेलं असतं, भाजीला फोडणी पडताना तिनं ती पाहिलेलीही असते, पण संध्याकाळ अंगावर येते नेमकी त्याच वेळी आई झोपायला जाते. मग उरतो तो इतरांच्या सुखाचा पडदा. व्हिडिओ कॉल नसता तर त्या बाईचा दिवस अधिक कठीण गेला असता, हे मी ठामपणे म्हणेन. निळ्या हवाईपत्राची आठ-दहा दिवस वाट पाहण्यात काही थोरवी नव्हती. मात्र त्याच कॉलमुळे शेजारचं दार ठोठावायचं राहून जातं, हेही तितकंच खरं. माहेर खिशात असलं की नवं गाव ओळखीचं करून घ्यायची निकड उरत नाही.

मोठ्यांसकट सगळ्यांनी फोन खाली ठेवल्याचं एक उदाहरण आहे: सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. २०२२ मध्ये तिथं संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवले जाऊ लागले. ही बातमी जगभर गेली, पण बहुतेकांनी पाहिला तो भोंगाच. त्यामागे सरपंच विजय मोहिते, आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक अशी माणसं होती. ती घरोघर गेली, लोकांशी बोलली, त्यांना समजावत राहिली. बंदी सगळ्या गावाला लागू होती, बापालाही. म्हणून ती मुलांना शिक्षेसारखी वाटली नसावी. स्वतः जेवताना व्हॉट्सअ‍ॅप चाळत पोराचा फोन हिसकावणाऱ्या बापाचं मूल ऐकणार नाही, आणि का ऐकावं?

ब्रिटननं ऑनलाइन सुरक्षा कायदा ऑक्टोबर २०२३ मध्ये केला, आणि मुलांच्या संरक्षणाची त्यातली कर्तव्यं २५ जुलै २०२५ पासून लागू झाली. आत्महत्येला उत्तेजन देणारा मजकूर मुलांपर्यंत पोचू न देणं आता कंपन्यांवर बंधनकारक आहे. हा कायदा होण्यासाठी मॉलीचे वडील इयन रसेल वर्षानुवर्षं झगडले. मी या कायद्याच्या बाजूचा आहे. ज्यांनी रस्ता बांधून पैसे मिळवले, त्यांनीच त्यावरचे खड्डे बुजवावेत.

पण रात्री अकरा वाजता मुलीचा चेहरा उतरलेला आहे, हे कायद्याला दिसत नाही. वेम्बलीपासून जवळच डॉलिस हिलला १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. तिथल्या गणपतीत मुलांना लेझीम शिकवतो, तसंच एखाद्या शनिवारी त्यांनी आपले फोन उघडून आईबाबांना दाखवावं की हे यंत्र त्यांच्यापुढे काय आणून टाकतं. आपण तेव्हा रागावू नये, उपदेशही करू नये. कठीण प्रश्न मराठीत विचारायला जीभ अडखळली, तर तो सरळ इंग्रजीत विचारावा.