कुठले मगर?

फोनवर रूममालकांनी भाडं, डिपॉझिट, माणसं किती, यातलं काहीही बोलायच्या आधी आडनाव विचारलं. मी म्हणालो, "मगर." पलीकडचा आवाज एकदम मोकळा झाला. "मगर का? हडपसरचे?"

"आमच्याच कंपनीत आहेत. माणूस एकदम चांगला," मी म्हणालो.

हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ते मला कळत होतं, आणि त्यांना कळलेलं नाही हेही कळत होतं. "मग काय प्रश्नच नाही. रविवारी पाठवून द्या, किल्ली देतो."

रविवारी मगर गेला. बरोबर बायको, सात वर्षांचा मुलगा, दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर. अर्ध्या तासात मला फोन. "अहो, हा तर नेपाळी आहे. तुम्ही तर मगर म्हणाला होतात!"

"मगरच आहे तो," मी म्हणालो.

दोन सेकंद शांतता. मग रूम भाच्यासाठी ठेवायची असल्याचं त्यांना अचानक आठवलं.

मी चाकणला म्हाळुंग्याच्या बाजूला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. मगर आमच्या कॅन्टीनमध्ये चपात्या करतो. गाव नेपाळमधल्या पाल्पा जिल्ह्यात. आधी तो चार पोरांबरोबर एका खोलीत राहायचा. बायको-मुलगा येणार म्हणून वेगळी खोली हवी होती, आणि स्वतः फोन केला की बोलण्यावरूनच नकार येतो, म्हणून त्याने मला करायला सांगितला होता. त्या रविवारी रात्री मी स्वतःला एकच प्रश्न विचारत होतो: मी खोटं बोललो का?

शब्द तर एकही खोटा नव्हता. पण महाभारतात धर्मराजाचाही शब्द खोटा नव्हता. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरंच मेला होता. द्रोणांना त्याच नावाचा मुलगा होता आणि ते मुलाचं समजतील हे धर्मराजाला पक्कं माहीत होतं. जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला म्हणतात. एक नाव आणि त्याचे दोन धनी, सगळा खेळ तेवढ्यावरच होता. माझंही तेच झालं. फरक एवढाच की माझी ॲक्टिवा आधीपासूनच जमिनीवर होती.

आता हे दोन धनी कोण ते सांगतो, कारण मलाही ते नंतरच नीट कळलं.

आपल्याकडचे मगर म्हटलं की हडपसर डोळ्यांपुढे येतं. मगरपट्टा सिटी ज्यांच्या शेतांवर उभी राहिली ते मगर. आणि आमच्या भागाचा तर या आडनावाशी थेट संबंध आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं एकत्र करून 1970 साली नगरपालिका झाली, तिच्यामागे अण्णासाहेब मगर होते. पुढे 1977 मध्ये ते खेडमधून लोकसभेवर गेले. नेहरूनगरचं स्टेडियम त्यांच्याच नावाचं आहे. शब्द म्हणून पाहिलं तर मराठीत मगर म्हणजे पाण्यातली मगर, संस्कृतातल्या मकराची वंशज. प्राण्यांच्या नावाची आडनावं आपल्याला नवीन नाहीत. भोसरीला लांडगे आहेत, बाकी वाघ आणि कोल्हे सगळीकडे.

नेपाळच्या मगरांचा या मगरीशी काही संबंध नाही. नेपाळीत मगरीला 'गोही' म्हणतात. तिथे मगर हे एका जनजातीचं नाव आहे. त्यांची स्वतःची भाषा आहे, तिबेटी-बर्मी कुळातली, म्हणजे मराठी-हिंदी-नेपाळीशी नातं नसलेली. काली गंडकी नदीच्या खोऱ्यात, पाल्पाच्या आजूबाजूला 'बाह्र मगरात' हा जुना प्रदेश, आणि त्याच्या पश्चिमेला रोल्पा-रुकुमकडे 'अठार मगरात'. तिथून हे लोक पूर्वेला पसरले. नेपाळच्या 2021 च्या जनगणनेत 20 लाख 13 हजार मगर मोजले गेले, लोकसंख्येच्या सुमारे 6.9 टक्के. छेत्री आणि पहाडी ब्राह्मणांनंतर सगळ्यात मोठा समूह हाच. पण मगर भाषा मातृभाषा म्हणून सांगणारे त्यातले निम्म्याहून कमी. म्हणजे लाखो मगरांकडे मगरपणाची उरलेली सगळ्यात ठळक खूण म्हणजे आडनावच.

आणि तेही सरळ मिळालेलं नाही. मगरांमध्ये थापा, राना, आले, पुन, बुढा, घर्ती, रोका असे 'थर' असतात. पूर्वी माणूस नुसतं थापा किंवा राना लिहायचा. थापा तर छेत्रींमध्येही असतात. त्यामुळे नुसतं थापा लिहिलं की तिथेही पुढचा प्रश्न येतो: कुठले थापा? आपण नाही का 'जाधव' ऐकलं की 'गाव कुठलं' विचारतो, आणि गावात आपल्याला काडीचाही रस नसतो! पवार, मोरे, जाधव, गायकवाड ही आडनावं किती जातींमध्ये आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून तर गाव विचारायचं, मग भावकी विचारायची, मग कुलदैवत.

नेपाळमध्ये या प्रश्नाच्या उत्तरावर एके काळी अक्षरशः आयुष्य अवलंबून होतं. जंगबहादूर राणाने 1854 मध्ये 'मुलुकी ऐन' नावाचा कायदा आणला. त्यात सगळ्या प्रजेची उतरंड लिहून काढली होती. मगर आणि गुरुंग हे 'नमासिन्या मतवाली', म्हणजे दारू पिणारे, पण गुलाम करता न येणारे. आज ज्यांना तामांग म्हणतात ते त्याखाली, 'मासिन्या' गटात. त्यांना गुलाम करता येत असे. पुढे गोरखा पलटणींच्या भरतीत ब्रिटिशांनी मगर आणि गुरुंगांना पसंती दिली, तेव्हा तामांग पोरं आपण गुरुंग आहोत असं सांगून भरती झाली. त्यांना खोटारडे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पलटणीच्या नोंदीत आडनावं वाढायची तशी गळायचीही. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा पहिला नेपाळी गोरखा शिपाई, 1915 सालचा, मगर होता. नोंदीत तो कुलबीर थापा आहे.

आमच्या मगरचे वडीलही आयुष्यभर थापाच लिहायचे. नेपाळमध्ये 1990 च्या लोकशाही चळवळीनंतर जनजातींनी आपापली ओळख पुढे आणायला सुरुवात केली. अनेकांनी थापाच्या पुढे मगर जोडलं, काहींनी थापा सोडूनच दिलं. याने सोडलं. म्हणजे तो 'मगर' म्हणतो तेव्हा ते वडिलांकडून आलेलं नसतं, त्याने स्वतः निवडून घेतलेलं असतं. माझं आडनाव मी असं कधीच निवडलेलं नाही.

एकदा नेहरूनगरवरून येताना त्याने स्टेडियमच्या पाटीखाली उभं राहून फोटो काढला आणि गावी पाठवला. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दाखवत होता. "मगर स्टेडियम, सर!" अण्णासाहेब कोण, ते मी त्याला सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अच्छा आदमी होगा. नाम अच्छा है."

परत रूमकडे येतो. त्या मालकांना व्हिलन करून मला मोकळं होता येत नाही. त्यांची शेती एमआयडीसीत गेली. आता ज्या पट्टीत ज्वारी व्हायची तिथे बारा खोल्या आहेत आणि घर त्यावर चालतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, काही भानगड झाली तर आधी यांनाच बोलावतात. नेपाळी माणसाला इथे राहायला, काम करायला भारत-नेपाळच्या 1950 च्या करारामुळे व्हिसा लागत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तरी फरक पडला असता का? शंकाच आहे. त्यांना माहिती हवी नव्हती, खात्री हवी होती. अनोळखी माणसाला खोली देणं म्हणजे उधारीचा व्यवहार, आणि त्यात 'हडपसरचे मगर' हा त्यांना जामीन वाटला. माणूस न बघता, एका शब्दावर त्यांनी सगळा विश्वास देऊन टाकला. मग माणूस बघितला, आणि तोच शब्द तसाच असताना सगळा काढून घेतला.

यात गंमत अशी की हा भागच बाहेरून आलेल्यांच्या नावांनी भरलेला आहे. चाकणला लागून नाणेकरवाडी आहे, मेदनकरवाडी आहे. 'कर' लावलेल्या आडनावाचा सरळ अर्थ घ्या: नाणेकर म्हणजे नाण्याचा. नाण्यात राहणाऱ्याला नाण्यात कुणी नाणेकर म्हणणार नाही, सगळेच नाण्याचे. ते नाव पडतं गाव सोडल्यावर, दुसऱ्यांच्या गावात आल्यावर. चाकणच्या माणसाला चाकणकर व्हायचं असेल तर आधी चाकण सोडावं लागतं. म्हणजे आपण ज्याला मूळ गावाची निशाणी म्हणून मिरवतो, ती कधीतरी उपऱ्याला लावलेली चिठ्ठी होती. 'तो कुठला?' 'तो नाण्याचा.' किती पिढ्यांनी ती चिठ्ठी मालकीचा कागद होते, याचा काही नियम आहे का?

माझं आडनाव या पट्ट्यात चालतं. ते काय आहे हे मुद्दामच सांगत नाही, कारण सांगितलं की हा लेख तुम्ही त्यातूनच वाचाल. मला पहिली रूम एका फोनवर मिळाली होती. तेव्हा मला ते माझ्या चांगुलपणाचं फळ वाटलं होतं. खरं तर मालकांनी माझ्याबद्दल काहीच तपासलं नव्हतं. मगरच्या बाबतीत जसं काहीच न बघता नाही म्हटलं, तसंच माझ्या बाबतीत काहीच न बघता हो. पहिल्याला अन्याय म्हणायला मला एक क्षण लागला. दुसऱ्याला काय म्हणायचं हे अजून ठरत नाहीये.

आणि मूळ प्रश्न? खोटं बोललो का, हा प्रश्नच मी चुकीच्या माणसासमोर ठेवत होतो. मी विचार करत होतो मालकांचा, त्यांना फसवलं का याचा. त्यांचं काय गेलं? रूम त्यांचीच राहिली. धर्मराजाच्या अर्ध्या वाक्याची किंमत ज्यांनी ते ऐकलं त्या द्रोणांनी मोजली. माझ्या अर्ध्या वाक्याची किंमत त्याने मोजली ज्याचं नाव मी वापरलं. फोनवरच मी 'नेपाळचे मगर' म्हटलं असतं तर नकार माझ्या कानापर्यंत येऊन थांबला असता. तो बायको-मुलासमोर, हातात कुकर घेऊन, दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर गेला नसता. मला वाटलं होतं मी त्याच्यासाठी युक्ती केली. त्याने निवडून घेतलेलं, स्टेडियमखाली फोटो काढण्याइतकं आवडतं नाव मी त्याला न विचारता दुसऱ्याच कुणाचं म्हणून खपवलं.

मी सोमवारी त्याची माफी मागितली. त्याला ती कशाबद्दल हे पटकन कळलंच नाही. "आपने तो मगर ही बोला ना सर," तो म्हणाला आणि तव्यावरची चपाती उलटली.

खोली नंतर मिळाली, खराबवाडीत. तिथल्या मालकीणबाईंनी आधी समोर बोलावलं, बायकोशी तोडक्यामोडक्या हिंदीत दहा मिनिटं बोलल्या आणि आडनाव शेवटी, पावती लिहिताना विचारलं. पाचशे रुपये जास्त घेतात, तेही लिहून ठेवतो.

मुलगा जूनमध्ये मराठी शाळेत जायला लागला. परवा मगर हसत हसत सांगत होता. नव्या बाईंनी हजेरी घेताना विचारलं, मगर म्हणजे हडपसरचे का रे? पोराला प्रश्न कळला नाही. त्याने मान हलवून हो म्हटलं. तेव्हापासून बाई त्याच्याशी फार गोड बोलतात.

"बताना चाहिए क्या, सर?" त्याने विचारलं. मी या वेळी पटकन काही बोललो नाही. तुझा मुलगा आहे, तुझं नाव आहे, तुला काय वाटतं, एवढंच विचारलं. त्याने थोडा वेळ कणीक मळली. मग विचारलं, हडपसर इथून किती लांब आहे.

पस्तीस-चाळीस किलोमीटर असेल, मी म्हणालो.

बस कुठली लागते, तेही त्याने लिहून घेतलंय. येत्या सुट्टीला पोराला दाखवून आणतो म्हणाला.