घाट कोणाचा?

कन्नड सोडून चाळीसगावच्या वाटेस लागले की काही मैलांनी पठार एकाएकी संपते आणि खानदेशचा सखल मुलूख पायांखाली उलगडतो. ह्या ठिकाणी गाडी थांबवून घटकाभर उभा राहिला नाही असा प्रवासी आमच्या तरी पाहण्यात नाही. ह्यास औट्राम घाट म्हणतात. नावाचा धनी जेम्स औट्राम 1825 साली भिल्लांचे बंड मोडण्याकरिता खानदेशात आला, आणि मोडून झाल्यावर त्याच भिल्लांची त्याने पलटण उभारली. त्यांच्यासह तो वाघाच्या शिकारीस जाई. मनुष्य शूर होता, दिलदारही असावा. त्याविषयी आमची तक्रार नाही.

परंतु ते बंड तरी कशाचे? डोंगरवाटांची राखण हे भिल्लांचे पूर्वापार काम, आणि त्याबद्दल त्यांस हक्क मिळत. पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत हे हक्क बुडाले, तेव्हा कालचे राखणदार आज लुटारू ठरले. पुढे इंग्रजांनी त्यांस पगारी शिपाई केले, म्हणजे फिरून राखणदारच केले. वाटेस नाव मात्र साहेबाचे राहिले.

आमचा एक विद्यार्थी म्हणाला, “मग नाव बदलावे.” बदलावे की! नावे बदलणे आपणांस अवघड नाही. पण पाटी बदलल्याने ऋण फिटते काय, ही आमची शंका आहे. शेजारच्याच पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेल्या यक्षाच्या तळहातावर, तो घडविणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षांमागे एका कारागिराचे नाव दगडावर राहू शकले. ज्यांनी पहार चालविली व टोपल्या वाहिल्या, त्यांचे एकही नाव ह्या घाटातून जाताना आम्हांस ऐकू येत नाही. आणि खरे सांगावयाचे तर, इतकी वर्षे आम्हीही ते कधी विचारले नाही. दृश्य पाहिले, कणीस खाल्ले, निघालो.

ही उदासीनता केवळ भूतकाळापुरती असती तर एक वेळ क्षम्य ठरली असती. 2021 च्या ऑगस्टअखेर अतिवृष्टीने येथे दरडी कोसळल्या, वाहने अडकली. 2023 साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने अवजड वाहनांस हा घाट बंद झाला. निर्णय योग्यच, तासन्‌तास खोळंबणारी ती रांग आम्हीही भोगली आहे. तेव्हापासून आमची लहान गाडी सुखाने घाट उतरते, आणि मोकळा रस्ता पाहून घरची मंडळी म्हणतात, “आता कसे छान झाले!”

त्याच वेळी ज्याच्या मालमोटारीत आमच्याच घरचे धान्य असेल, असा कोणी चालक नांदगावावरून लांबचा फेरा घेत असतो. त्याचेही नाव आम्हांस ठाऊक नाही.