वाचनालयातली सतरंजी

निजामाच्या राजवटीत सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे. त्या नियमाला गश्ती निशाण ५३ म्हणत. अशा काळात मराठवाड्यात वाचनालयं आणि गणेशोत्सव यांनीच माणसं जवळ आणली. वर्तमानपत्र एकजण मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे. ज्याला अक्षर येत नाही, तोही तिथं वाचकच असे, असं मला मनापासून वाटतं.

पुढं १९६७च्या कायद्यानं राज्यातल्या सार्वजनिक वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. कपाटं आली, पुस्तकं आली. पण ते मोठ्यानं वाचणं?

आपल्या गेवराई तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला किती कुटुंबं बाहेर पडतात! मागं राहतात आजी-आजोबा आणि नातवंडं. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयात सतरंजी अंथरावी. तिकीट नको, वर्गणी नको. कुणी कथा वाचावी, कुणी भारूड म्हणावं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या नातीनं वहीत उतरवून घ्याव्यात. आपल्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, संतकवी दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, ग्रंथ लिहिला. इथं तर साधी शंभर पानी वही पुरे. पहिलं पान आजीच्या नावानं सुरू करावं.