दहा हजारांत एक

२ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं सहामाही मोठं अपडेट खुलं केलं. क्रमांक १८०९. आठवडा उलटायच्या आत ते थांबवावं लागलं, कारण ज्यांनी ते हौसेने पहिल्यांदा घेतलं त्यांच्यातल्या काहींच्या फायली गायब झाल्या. अपडेट मध्येच अडकलं नव्हतं, निळा पडदा आला नव्हता, मशीन हँगही झालं नव्हतं. सगळं सुरळीत पार पडलं, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, आणि ‘डॉक्युमेंट्स’ उघडलं तर आत काही नाही. एका वापरकर्त्याने सांगितलं, की त्याची २३ वर्षांची साठवण, २२० गीगाबाईट, त्या एका अपडेटमध्ये गेली.

हे कसं झालं ते जरा खोलात जाऊन पाहू. सी ड्राइव्ह भरत आली की आपण काय करतो? ‘डॉक्युमेंट्स’, ‘पिक्चर्स’ हे फोल्डर डी ड्राइव्हवर हलवतो. आपल्याकडचे अनेक हार्डवेअरवाले मशीन देतानाच हे करून देतात, म्हणजे पुढेमागे फॉरमॅट मारायची वेळ आली तरी कागदपत्रं शाबूत. विंडोजमध्ये याची अधिकृत सोय आहे. पण फोल्डरचा पत्ता बदलला म्हणून जुन्या फायली नव्या जागी जातीलच असं नाही. ‘त्याही हलवू का?’ असं विंडोज विचारतं आणि कुणी घाईत ‘नको’ म्हणतं. काही प्रोग्राम नव्या पत्त्याची दखल न घेता जुन्याच जागी लिहीत राहतात. वनड्राइव्हच्या एका जुन्या आवृत्तीनेही फोल्डर आपल्याकडे घेताना आधीच्या फायली मागेच ठेवल्या होत्या. एप्रिल २०१८ च्या अपडेटनंतर काहींनी तक्रार केली, की हलवलेल्या फोल्डरचे रिकामे जुळे उगाच दिसत राहतात. तक्रार रास्त होती. म्हणून १८०९ मध्ये एक साफसफाई घातली गेली: जुन्या जागेवरचा रिकामा जुळा काढून टाकायचा. तो काढला. खरंच रिकामा आहे का, हे मात्र पाहिलं नाही.

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पसाऱ्याची तक्रार आली, ती ऐकली गेली, आणि ती दूर करताना दुसऱ्याच कुणाचं कपाट रिकामं झालं.

९ ऑक्टोबरला कंपनीने जाहीर खुलासा केला. चूक कुठे झाली ते नीट सांगितलं, आणि हेही सांगितलं, की अशा तक्रारींचं प्रमाण एक टक्क्याचा शंभरावा हिस्सा आहे. दहा हजारांत एक. मला या आकड्यापाशी थांबावंसं वाटतं. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण असा आकडा कुणाशी बोलतो? ज्याला काही झालं नाही त्याच्याशी. उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवांना तो धीर देतो. ज्याचं गेलं त्याच्या दृष्टीने प्रमाण शंभर टक्के असतं, आणि त्याला हा आकडा सांगणं म्हणजे तू किती किरकोळ आहेस हे सांगणं. शिवाय ही मोजदाद तक्रार करणाऱ्यांची. ज्याला तक्रार कुठे करायची हे ठाऊक नाही, जो ‘आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं’ असं वाटून गप्प बसला, तो या हिशोबात नाही. आपल्याकडे कॉम्प्युटर बिघडला की पहिला आरोप स्वतःवर करणारी माणसं किती असतात, हे ज्येष्ठांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

आणखी एक. त्या पहिल्या दिवसांत हे अपडेट आपणहून कुणावर लादलं जात नव्हतं. ‘अपडेट आलंय का पाहा’ हे बटण ज्यांनी स्वतः दाबलं त्यांनाच ते मिळत होतं. कंपनीच्या भाषेत हे ‘सीकर्स’, म्हणजे शोधत आलेले. साध्या माणसाला वाटतं, की हे बटण दाबणं म्हणजे जबाबदारीने वागणं; आतून मात्र त्याचा अर्थ ‘मला आधी द्या, मी धोका घ्यायला तयार आहे’ असा लावला जात होता. सर्वांत आधी पोळले ते हे कर्तव्यदक्ष लोक. तेव्हा विंडोज १० सुमारे ७० कोटी यंत्रांवर आहे असं कंपनी सांगत होती. त्याच प्रमाणात ते सगळीकडे पोचलं असतं तर हिशोब सत्तर हजार कॉम्प्युटरांवर गेला असता. तसं झालं नाही, कारण पहिल्या काहींनी आरडाओरडा केला.

खरी बोच पुढे आहे. हा आरडाओरडा पहिला नव्हता.

२०१४ पासून कंपनीने विंडोज तपासण्याची पद्धत बदलली. पगारी चाचणीकारांची फळी बरीच कमी झाली आणि ‘इनसायडर’ नावाने स्वयंसेवकांची फौज उभी राहिली. लाखो लोक स्वखुशीने अपुरी आवृत्ती आपल्या मशीनवर टाकतात आणि काय बिघडलं ते कळवतात. कळवायचं एका ॲपमधून, आणि दुसऱ्या कुणाला तोच अनुभव आला असेल तर त्याने त्या तक्रारीला मत द्यायचं. जास्त मतं, वरचा क्रमांक. कल्पना लोकशाहीची आहे, ऐकायला छान वाटते. १८०९ बाहेर पडण्याच्या काही महिने आधीच फायली गेल्याच्या तक्रारी या ॲपमध्ये आल्या होत्या. त्यांना फारशी मतं मिळाली नव्हती. मिळणार कुठून? ज्याच्या फायली गेल्या त्याला पाठिंबा द्यायला तसेच गेलेले आणखी लोक हवेत, आणि दुर्मीळ अपघातात ते नसतातच. वर हे अपडेट शेवटच्या चाचणी-टप्प्यातूनही गेलं नाही. तो टप्पा या वेळी वगळला गेला होता.

शितावरून भाताची परीक्षा करायची आपली रीत आहे. एक शीत दाबून कच्चं लागलं तर आपण बाकीच्या शितांची मतं मागवत नाही. इथे शीत कच्चं असल्याचं स्वतःहून सांगत होतं, आणि त्याला आणखी पंचवीस शितांच्या सह्या आणायला सांगितलं गेलं.

१८०९ ची तारीख गांधी जयंतीची होती, हा निव्वळ योगायोग. तरी मला तो सोडवत नाही. इंग्रज लेखक रस्किनच्या ‘अनटू धिस लास्ट’चं सार गांधीजींनी १९०८ मध्ये गुजरातीत ‘इंडियन ओपिनियन’मधून दिलं, ‘सर्वोदय’ या नावाने. जास्तीत जास्त लोकांचं सुख झालं की काम झालं, या पाश्चात्य हिशोबावरच त्यांनी सुरुवातीला हरकत घेतली होती. आता सॉफ्टवेअर कंपनीकडून सर्वोदयाची अपेक्षा करावी, इतका मी भाबडा नाही. कोट्यवधी यंत्रं, प्रत्येकाचा प्रिंटर वेगळा, ड्रायव्हर वेगळा, जोडाजोडी वेगळी. कुणाचंच काही बिघडणार नाही असं अपडेट कुणीही लिहू शकत नाही. पण दहा हजारांतल्या एकाचा आवाज अपडेटनंतर बंद झाला आणि दहा हजारांतल्या एकाच्या मुलांच्या लहानपणीचे फोटो गेले, या दोन गोष्टी एकाच यादीत, एकाच मापाने, मतांच्या उतरत्या क्रमाने लावता येत नाहीत. एक दुरुस्त होते. दुसरी होत नाही. कंपनीने हे मान्य केलं, याचं श्रेय तिला द्यायला हवं. त्यानंतर त्या ॲपमध्ये, बिघाड किती गंभीर आहे ते कळवण्याची सोय आली. अपडेट १३ नोव्हेंबरला पुन्हा बाहेर पडलं.

अशा वेळी हमखास एक शहाणा भेटतो: ‘बॅकअप घेतला नव्हता का?’ सल्ला बरोबर आहे, आणि दर महिन्याला एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर तो घ्यावाच. पण विंडोज १० चं अपडेट संपताना पडद्यावर एक आश्वासन झळकायचं: तुमच्या फायली तुम्ही ठेवल्या तिथेच आहेत. ज्याने शब्द दिला तो राहिला बाजूला, ज्याने विश्वास ठेवला त्याची चौकशी सुरू. खोडलेली फाइल, तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, डिस्कवर सापडू शकते. म्हणून कंपनीने अशा लोकांना मशीन शक्य तितकं कमी वापरा आणि आम्हाला फोन करा असं सांगितलं. बातमी पोचेपर्यंत किती जणांनी घाबरून सगळीकडे शोधाशोध केली असेल, नवं काहीबाही उतरवून घेतलं असेल, आणि उरलीसुरली शक्यताही पुसली असेल.

मग अपडेट करूच नये का? असं म्हणणारे वाढले आहेत, आणि त्यांच्याशी माझं भांडण आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भगदाडाची दुरुस्ती दिली होती. १२ मेला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस त्याच भगदाडातून शिरला आणि दीडशे देशांत पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात आहे. दुरुस्ती दोन महिने आधी हातात होती. ती लावली गेली नव्हती. जाळ्यातलं एक मशीन न सुधारता ठेवणं हा त्याच्या मालकाचा खासगी हट्ट राहत नाही. शेजारच्या मशीनला, तिथून तिसऱ्याला ते लागतं, आणि शेवटच्या टोकाला ऑपरेशनची तारीख मिळालेला कुणीतरी असतो.

पण लोक अपडेटला का टाळू लागले? २०१६ मध्ये विंडोज ७ आणि ८ वाल्यांच्या पडद्यावर विंडोज १० घ्या म्हणून चौकट यायची. कोपऱ्यातली फुली म्हणजे ‘बंद कर’, हे विंडोजनेच वीस वर्षं शिकवलेलं. त्या मे महिन्यात फुली मारली तरी ठरलेल्या वेळचं अपडेट कायम राहायचं. न बोलणं म्हणजे होकार. तेव्हा आपण मर्यादा ओलांडली, हे कंपनीच्या विपणनप्रमुखांनी पुढे त्याच वर्षी कबूल केलं. कबुली चांगली. पण ज्याचा नकार एकदा होकार म्हणून वाचला गेला, तो पुढच्या वेळी वादच घालत नाही, वायर काढतो.

मराठी छपाईच्या धंद्यात ही काढलेली वायर प्रत्यक्ष दिसते. डीटीपीवाल्याकडे एक जुनं मशीन असतंच: त्यावर पेजमेकर, युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट, आणि मागे डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याची किल्ली, खोचलेला. नवं विंडोज टाकलं की डोंगल ओळखला जात नाही, फॉन्ट बसत नाही, आणि पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका उघडल्या की मराठीच्या जागी रोमन अक्षरांची भेळ दिसते. त्याने नेट तोडलं तर त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि त्याची तक्रार कोणत्याही ॲपमध्ये पंचवीस मतं मिळवणार नाही. तो नेट तोडतो, पेनड्राइव्ह मात्र गावभर फिरतात, आणि त्यांतून व्हायरसही.

म्हणून मला वाटतं, भगदाड बुजवणारी दुरुस्ती आणि घराची नवी रचना या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून देणं हा मूळ अन्याय आहे. पहिलीत इतरांचा जीव गुंतलेला आहे. तिथे थोडी सक्ती मी मान्य करीन. दुसरीत माझ्या फायली, माझी सवय, माझा डोंगल. तिथे विचारलंच पाहिजे, आणि ‘नको’ला ‘नको’च वाचलं पाहिजे. १८०९ च्या गोंधळानंतर सहा महिन्यांनी, एप्रिल २०१९ मध्ये, मायक्रोसॉफ्टने बरीचशी हीच वाट धरली: मोठं अपडेट वेगळं दाखवायचं आणि वापरकर्त्याने दाबलं तरच उतरवायचं, चालू आवृत्तीची मुदत संपत आली तर मात्र आपोआप. साधं ‘होम’ विंडोज वापरणाऱ्यालाही अपडेट ३५ दिवसांपर्यंत थांबवता येऊ लागलं.

वाट अर्धीच चालली गेली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी मशीन बाद ठरली. त्यांना आणखी एक वर्ष दुरुस्त्या देऊ केल्या गेल्या, पण अटींवर: ३० डॉलर भरा, नाहीतर कंपनीच्या बक्षीस योजनेतले १००० गुण द्या, नाहीतर आपल्या सेटिंग्ज तिच्या क्लाउडवर ठेवा. युरोपातल्या ग्राहक संघटनेने या अटींवर लेखी हरकत घेतली, आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या लोकांना ते वर्ष पैसे न भरता, क्लाउडची अट न घालता मिळालं. फक्त कंपनीच्या खात्यातून अधूनमधून साइन इन करत राहायचं. भगदाड तेच, दुरुस्तीही तीच, पण सांगलीतल्या मशीनला तिची किंमत पडली आणि लिस्बनमधल्या मशीनला नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे; वजनमापांपासून बिल्डरांपर्यंतचे प्रश्न आपल्याकडच्या ग्राहक चळवळीने हाताळले आहेत. हाही विषय तिने घ्यावा. युरोपाने पाठवलेलं पत्र आपण पाठवायला काही हरकत नाही, आणि त्यात त्या डीटीपीवाल्याच्या डोंगलचाही एक परिच्छेद घालावा.