मुसाफिराची कसर

माझी बहीण मस्कतला असते. 2025 च्या दिवाळीच्या सुटीत तिच्याकडे निघालो. सकाळी नागपूरहून मुंबई आणि रात्री मुंबईहून मस्कत. मध्ये अकरा तास. मी अकोला जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिक्षक आहे. मुंबई आपल्या राज्याची राजधानी खरी, पण माझ्यासाठी ते परके शहर. अकरा तास विमानतळावर बसून घालवणे जिवावर आले. आम्हा मास्तर लोकांना तासिका संपायच्या आत धडा उरकायची सवय. मी कागदावर सहा ठिकाणे लिहिली : खोताची वाडी, क्रॉफर्ड मार्केट, मोहम्मद अली रोड, गेट वे, मरीन ड्राइव्ह, हाजी अली. परदेशच्या विमानासाठी तीन तास आधी परतायचे, दोन तास जाण्यायेण्यात. उरले सहा. ठिकाणे सहा, तास सहा. हिशेब जुळला.

मेट्रो तीनचा शेवटचा टप्पा त्याच महिन्यात सुरू झाला होता. विमानतळाहून जमिनीखालून थेट गिरगाव. म्हणून खोताची वाडी पहिली.

गिरगावच्या गर्दीतून वाडीत वळले की आवाज एकदम मागे पडतो. अरुंद गल्ली, उतरती कौले, लाकडी कठडे, बाहेरून वर चढणारे जिने आणि रस्त्याकडे तोंड करून बसलेले व्हरांडे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वामन हरी खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिली, त्यावरून हे नाव. एके काळी इथे 65 घरे होती असे सांगतात. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. 1893 साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला ती केशवजी नाईकांची चाळही याच गिरगावातली.

एका व्हरांड्यात एक वृद्ध बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मागे क्रूस, कुंड्या, जुनी आरामखुर्ची. मी मोबाइल काढला आणि फोटो घेतला. त्यांनी मान वर केली.

"विचारलं असतंस तर नाही म्हटलं नसतं," त्या म्हणाल्या.

मी ओशाळलो. माफी मागितली. आणि ओशाळलेपणा झाकायला काहीतरी गोड बोलावे म्हणून बोलून गेलो, "मावशी, तुमचं मराठी फार छान आहे हं!"

त्या हसल्या नाहीत. तांदळातला खडा वेचत म्हणाल्या, "मग कसं असायला पाहिजे होतं?"

वाचकहो, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. तहसील कचेरीत, प्रशिक्षण वर्गात, रेल्वेच्या डब्यात. नाव सांगितले की समोरचा माणूस कौतुकाने म्हणतो, "अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्या कौतुकात एक दरवाजा हळूच लागतो. तू इथला नाहीस, तरी बरे बोलतोस, असा त्याचा अर्थ. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. तरी आमच्या मराठीचे नवल संपत नाही. आणि आज तोच दरवाजा मी दुसऱ्याच्या घरावर लावून आलो होतो, तोही त्यांच्याच अंगणात उभा राहून.

बाईंनी स्टुलाकडे बोट दाखवले. मी बसलो. त्यांनी पाणी दिले. मग त्या बोलत गेल्या. येणारे लोक विचारतात, तुम्ही गोव्याहून कधी आलात? त्या सांगतात, आलो कुठून? आम्ही इथलेच. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांच्या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, ते बाहेरून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, इथलेच, हे सांगण्यासाठी. गंमत अशी की इथलेपणा सिद्ध करायला त्यांना इंग्रजी नाव घ्यावे लागले, आणि त्या नावामुळेच लोक त्यांना परके समजतात.

मी उठलो तेव्हा अडीच तास झाले होते. यादीतली पाच ठिकाणे राहून गेली. मेट्रोत बसून विमानतळावर परतलो.

असरची नमाज विमानतळावर अदा केली. मुसाफिर म्हणून चारऐवजी दोन रकात. शरीयतने मुसाफिराला ही सवलत दिली आहे; तिला कसर म्हणतात. रमजानचे रोजेही त्याला पुढे ढकलता येतात. सलाम फेरल्यावर मनात आले, ही सवलत कुठवर चालते? नमाजेत रकाती कमी होतात, पण त्या दोन रकातींतला सजदा घाईचा करून चालत नाही. संख्या घटते, लक्ष घटत नाही. आणि ही सवलत आहे अल्लाहच्या हक्कांत, हुकूकुल्लाहमध्ये. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, यांत प्रवाशाला सूट नाही. दुसऱ्याच्या घरात इजाजतीशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नका, असा सूरह नूरचा हुकूम आहे. उघडा व्हरांडा हेही कुणाचे तरी घरच. माझा पाय उंबऱ्याबाहेर होता, पण नजर न विचारता आत शिरली होती.

कुणी म्हणेल, सहा तासांत सहा ठिकाणे पाहिली तर गुन्हा काय झाला? गुन्हा नाही. मीही परतताना हाजी अलीला जायचा विचार करतो आहे. पण घाईतला माणूस प्रश्न विचारत नाही, कारण उत्तरे तो घरूनच घेऊन निघालेला असतो. क्रूस दिसला की गोवा, टोपी दिसली की उर्दू. आपल्याबद्दलचे गैरसमज द्वेषाने पसरवले जातात, अशी आपली तक्रार असते, आणि ती खोटी नाही. पण कितीतरी गैरसमज निव्वळ घाईतून जन्मतात. आणि ती घाई आपल्यातही तेवढीच आहे, हे मला गिरगावच्या एका व्हरांड्यात कळले.

मराठीत कसर म्हणजे उणीवही. माझ्या प्रवासातली कसर पाच ठिकाणांची नव्हती. ती पहिल्या पाच मिनिटांतली होती. निघताना मी बाईंना विचारले, फोटो पुसून टाकू का? त्या म्हणाल्या, "राहू दे. आता ओळख झाली."

तो फोटो मी ठेवला आहे. कुणाला दाखवताना मात्र आधी सांगतो, हा न विचारता काढला होता.